उद्या शाळा आहे का? लाउडन काउंटीतला स्नो डे आदल्या रात्री कसा ओळखावा

व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीत बर्फामुळे उद्या शाळा बंद राहील का, हे ओळखायचं असेल तर ॲशबर्नच्या आपल्या अंगणातला बर्फ मोजत बसू नका. ती सुट्टी ठरते पस्तीस-चाळीस किलोमीटर पश्चिमेला, ब्लूमॉन्ट किंवा लव्हेट्सव्हिलकडच्या एखाद्या खडीच्या रस्त्यावर. पहाटेच्या अंधारात पिवळी बस तिथला चढ चढू शकेल का, एवढं ज्याला आदल्या रात्री सांगता आलं त्याचा अंदाज सहसा बरोबर येतो.

मी लीसबर्गला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, नवरा डेटा सेंटरमध्ये. बर्फ पडला म्हणून दोन्ही ठिकाणं बंद होत नाहीत. थोरली आता हायस्कुलात आहे, पण धाकटा एकटा घरी राहण्याच्या वयाचा नाही. माझी शिफ्ट सकाळी सहाला सुरू होते आणि ती कुणाशी बदलून घ्यायची तर आदल्या रात्री नऊच्या आत सांगावं लागतं. शाळेचा निरोप बहुतेक वेळा पहाटे पाचच्या सुमारास येतो, तोवर माझ्या दृष्टीने उशीर झालेला असतो. या गरजेपोटी हे ठोकताळे बांधत गेले. दर हिवाळ्यात पुण्या-नाशकाहून नवी आलेली घरं विचारतात, म्हणून आता नीट लिहून ठेवते.

काउंटी एक, हवा दोन

आधी भूगोल डोक्यात पक्का करा, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. लाउडन साधारण ५२० चौरस मैलांची काउंटी आहे. पूर्वेला स्टर्लिंग, ॲशबर्न, साउथ रायडिंग: टाउनहाउसच्या ओळी, डेटा सेंटरं, २०२२ मध्ये ॲशबर्नपर्यंत आलेली मेट्रोची सिल्व्हर लाइन. लीसबर्ग ओलांडलं की कटॉक्टिनची डोंगररांग लागते. तिच्यापलीकडे लाउडन व्हॅली पसरलेली आहे, हॅमिल्टन, पर्सलव्हिल, राउंड हिल ही गावं तिथेच. आणि अगदी पश्चिम हद्दीवर ब्लू रिज. तिकडे द्राक्षमळे आहेत, घोड्यांचे तबेले आहेत, आणि शेकडो मैल खडीचे रस्ते आहेत.

हवामान खात्याला, म्हणजे नॅशनल वेदर सर्व्हिसला, हा फरक मान्य आहे. त्यांच्या अंदाजात ‘वेस्टर्न लाउडन’ आणि ‘ईस्टर्न लाउडन’ असे दोन वेगळे विभाग असतात. शाळांचं तसं नाही. ऐंशी हजारांच्या आसपास मुलं, एक स्कूल डिस्ट्रिक्ट, एक सुपरिंटेंडंट, एक निर्णय. महाराष्ट्रात अतिवृष्टीची सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात आणि कधी ती ठरावीक तालुक्यांपुरतीच असते. इथे पूर्वेला शाळा चालू आणि पश्चिमेला बंद, असा निकाल लागत नाही. त्याला कारणंही आहेत. लीसबर्गच्या ॲकॅडमीज ऑफ लाउडन या खास शाळेत सगळ्या काउंटीतून मुलं येतात. शिवाय घरं परवडत नाहीत म्हणून बरेच शिक्षक विंचेस्टर, वेस्ट व्हर्जिनिया किंवा नदीपलीकडच्या फ्रेडरिककडून गाडी चालवत येतात. तुमचा मुलगा शाळेत चालत जात असेल, पण त्याच्या वर्गशिक्षिकेला डोंगर उतरून यायचं असतं.

रस्त्यांचा हिशेबही समजून घ्या. व्हर्जिनियात १९३२ च्या कायद्यापासून काउंट्यांचे रस्ते राज्य सरकार सांभाळतं, अपवाद फक्त आर्लिंग्टन आणि हेनरिको. त्यामुळे लाउडनमधला बर्फ बाजूला करायचं काम मुख्यतः व्हीडॉटचं, म्हणजे राज्याच्या वाहतूक विभागाचं. त्यांचा क्रम ठरलेला असतो: आधी सात, पंधरा, पन्नास, नऊ नंबरचे मोठे रस्ते, मग दुय्यम रस्ते, आणि सगळ्यांत शेवटी वसाहतींतल्या गल्ल्या आणि खडीचे रस्ते. बऱ्याच टाउनहाउस वसाहतींतले आतले रस्ते खाजगी असतात, ते एचओएचा, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचा, कंत्राटदार भल्या पहाटे साफ करून जातो. म्हणून खिडकीतून काळं डांबर दिसलं की ‘एवढ्यासाठी काय शाळा बंद ठेवायची!’ असं वाटतं. ते डांबर तुम्ही भरलेल्या एचओएच्या पैशांमुळे दिसत असतं, काउंटीच्या स्थितीबद्दल ते काही सांगत नाही.

पुढच्या ऑक्टोबरात सफरचंद तोडायला पश्चिमेला जाल तेव्हा मुद्दाम पक्का रस्ता सोडून एखाद्या खडीच्या रस्त्याने जाऊन या. जेमतेम दीड गाडीची रुंदी. दोन्ही बाजूंनी झाडं वर येऊन मिळालेली. एका अंगाला दगडी कुंपण, दुसऱ्या अंगाला ओढ्याकडे उतार. ओढ्यावर अरुंद पूल, आणि पूल संपतो तिथेच वळण आणि वळणातच चढ. जानेवारीत सूर्य इतका खाली असतो की या रस्त्यावर दुपारीसुद्धा ऊन टेकत नाही. इथे मीठ टाकत नाहीत, कारण मिठाने बर्फ वितळून खडीचा चिखल होतो. प्लाऊ, म्हणजे बर्फ लोटणारी गाडी, हीही अगदी तळापर्यंत खरवडत नाही, नाहीतर बर्फाबरोबर खडीही निघून जाईल. म्हणजे साफ झालेल्या रस्त्यावरही दाबलेल्या बर्फाचा थर राहतोच. आता त्या वळणावर चाळीस फुटी बस आणा. चढात मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली की बस आपोआप ओढ्याच्या बाजूला सरकते. शाळेचे वाहतूक खात्याचे लोक रात्री दोन-तीनला उठून असे रस्ते स्वतः गाडी घालून बघतात. मी अंदाज बांधताना त्यांच्या जागी बसून विचार करते.

किती पडेल त्याआधी कधी पडेल ते बघा

टीव्हीवर इंच सांगतात. मला इंचांआधी तास हवे असतात. २० जानेवारी २०१६ च्या संध्याकाळी वॉशिंग्टनच्या परिसरात जेमतेम इंचभर बर्फ पडला. पण रस्ते गारठलेले होते, त्यांच्यावर मीठ मारलेलं नव्हतं, आणि वेळ ऑफिसं सुटण्याची होती. माणसं तासन्‌तास गाड्यांत अडकली. दोनच दिवसांनी मोठं वादळ आलं आणि डलस विमानतळावर २९.३ इंच बर्फाची नोंद झाली. फेब्रुवारी २०१० मध्ये तिथेच ३२.४ इंच पडला होता. तसल्या वादळात शाळा बंद राहणार हे लहान मूलही सांगेल, तिथे प्रश्न फक्त किती दिवस हा असतो. कस लागतो तो एक ते चार इंचांच्या बर्फात, आणि आपल्याकडचे बहुतेक हिमवर्षाव त्यातलेच असतात.

माझ्या डोक्यात वेळेचे तीन तुकडे असतात. बर्फ मध्यरात्रीच्या आत थांबणार असेल आणि पश्चिमेला दोन-अडीच इंचांपेक्षा कमी असेल, तर मी दोन तास उशिराची, म्हणजे टू-अवर डिलेची, अपेक्षा धरते. प्लाऊंना चार-पाच तास मिळतात आणि जानेवारीत साडेसातच्या आसपास सूर्य उगवतो. इथे प्राथमिक शाळा सगळ्यांत लवकर भरतात, त्यांच्या बस अंधारातच निघतात. दोन तास ढकलले की त्याच बस उजेडात निघतात, डिलेचं सगळं मोल त्यात आहे.

दुसरा तुकडा पहाटे तीन ते नऊचा. या वेळात बर्फ पडत असेल तर दीड-दोन इंचही मी बंदच्या बाजूने धरते, कारण प्लाऊ जाऊन गेला की मागून रस्ता पुन्हा पांढरा होतो. ६ जानेवारी २०१५ ला हेच घडलं. बर्फ अंदाजापेक्षा जास्त आणि नेमका सकाळच्या गर्दीच्या वेळी आला, शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीच्या शाळा उघड्या राहिल्या, बस अडकल्या, आणि मुलांचा संताप ट्विटरवर देशभर गाजला. त्यानंतर या भागात सगळेच डिस्ट्रिक्ट पहाटेच्या बर्फाला जास्त मान देऊ लागले, असं माझं निरीक्षण आहे.

तिसरा तुकडा सर्वांत अवघड: बर्फ सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान सुरू होणार असतो. पहाटे रस्ते कोरडे, आकाश नुसतं करडं, आणि तरी शाळा बंद. नवीन आलेल्यांना हे पटत नाही. पण मुलं शाळेत पोहोचल्यावर बर्फ सुरू झाला तर ऐन बर्फात त्यांना परत सोडावं लागतं, आणि अर्ध्या घरांत त्या वेळी कुणी नसतं. म्हणून दुपारपर्यंत तीन-चार इंचांची खात्री असेल तर दिवसभर बंद ठेवणं त्यांना सोयीचं पडतं. बर्फ तीननंतर येणार असेल तर शाळा भरते, फक्त संध्याकाळचे खेळ आणि कार्यक्रम रद्द होतात.

जमिनीचा आणि हवेचा ओलेपणा

आकाशातून काय पडतं त्याच्याइतकंच ते कशावर पडतं हे महत्त्वाचं. आधीचे तीन-चार दिवस पारा गोठणबिंदूच्या, म्हणजे ३२ फॅरनहाइटच्या, खाली असेल तर पहिली भुरभुरही रस्त्याला चिकटते. आधी पन्नास-पंचावन्न फॅरनहाइटची ऊब असेल तर पहिला इंच वितळण्यातच जातो. रस्त्यावर खारं पाणी आधीच फवारून ठेवलं असेल तर डांबरावर समांतर पांढऱ्या रेघा दिसतात. त्या दिसल्या तर व्हीडॉट तयारीत आहे. पण वादळाची सुरुवात पावसाने होणार असेल तर ही फवारणी करून उपयोग नसतो, सगळं धुऊन जातं. ३ जानेवारी २०२२ ला फ्रेडरिक्सबर्गजवळ आय-९५ महामार्गावर शेकडो गाड्या रात्रभर अडकल्या, त्यामागचं एक मोठं कारण हेच होतं. त्यामुळे ‘पावसाचं नंतर बर्फात रूपांतर’ असं अंदाजात वाचलं की मी एक पायरी बंदच्या दिशेने सरकते. उलटं, पारा वीस फॅरनहाइटच्या खाली गेला की साध्या मिठाचा जोर ओसरतो, मग थोडाच बर्फ दिवसभर रस्त्यावर राहतो.

हवेतलं ‘ड्यू पॉइंट’ बघायची सवय लावा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं तो आकडा. हवामान खात्याच्या कुठल्याही तासागणिक तक्त्यात ते तापमानाच्या शेजारीच असतं. समजा रात्री नऊला डलसला ३८ फॅरनहाइट आहे. लोक म्हणतात, पाऊस पडेल. पण ड्यू पॉइंट १८-२० असेल तर हवा कोरडी आहे. पहिले थेंब त्या हवेत विरतात आणि तिला गार करत जातात, उन्हाळ्यात झिरपणाऱ्या माठातलं पाणी गार होतं तसं. तासाभरात पारा ३२-३३ वर येतो आणि पावसाचा बर्फ होतो. तापमान ३८ आणि ड्यू पॉइंट ३५ असेल तर मात्र गार व्हायला वाव नाही, बहुधा पाऊसच पडेल. मार्च २०१३ मध्ये मोठ्या वादळाचा इशारा होता, सरकारी कार्यालयं आणि शाळा बंद जाहीर झाल्या, आणि वॉशिंग्टन शहरात जवळपास काहीच साचलं नाही. त्याच वादळात पश्चिमेच्या डोंगरांत मात्र भरपूर बर्फ पडला. शहरातल्या वर्तमानपत्रांनी त्याला फसलेला अंदाज म्हटलं. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्याला ते तसं वाटलं नसणार.

बर्फापेक्षा मला भीती वाटते गोठणाऱ्या पावसाची. उत्तरेकडे, न्यू इंग्लंडच्या बाजूला जड थंड हवेचा साठा असला की ती हवा ब्लू रिजच्या पूर्व पायथ्याने खाली घसरते आणि तिथेच अडकून राहते. वरून समुद्राकडची उबदार हवा येते, पाऊस पडतो, आणि जमिनीला टेकताच गोठतो. कटॉक्टिन आणि ब्लू रिज यांच्यामधल्या लाउडन व्हॅलीत ही थंड हवा सगळ्यांत शेवटी हलते. त्यामुळे ॲशबर्नला ३५ फॅरनहाइट आणि साधा पाऊस, आणि त्याच घटकेला पर्सलव्हिलच्या पुढे ३१ आणि झाडाच्या प्रत्येक काडीवर काचेचा थर, असं होतं. फांद्या मोडतात, तारा तुटतात, शाळेचीच वीज जाते. पश्चिम लाउडनच्या अंदाजात गोठणाऱ्या पावसाचा थोडासाही थर पहाटेच्या वेळेत दाखवला असेल तर मी आणखी काही बघत नाही, शिफ्ट बदलायचा निरोप टाकते.

संध्याकाळचा क्रम

दुपारी चारच्या सुमारास घरी आले की पहिला चहा आणि हवामान खात्याची ‘फोरकास्ट डिस्कशन’. बाल्टिमोर-वॉशिंग्टन भागाचं हवामान कार्यालय आपल्या स्टर्लिंगलाच आहे, डलसच्या शेजारी. तिथले तज्ज्ञ पहाटे आणि दुपारी स्वतःच्या हाताने काही परिच्छेद लिहितात, त्यांत नुसते आकडे नसतात, स्वतःची शंकाही असते. मोबाइलवरच्या ॲपमधलं ढगाचं चित्र हे कधीच सांगत नाही. संगणकावरची हवामान मॉडेलं एकमेकांशी सहमत आहेत का, बर्फाचा जोरदार पट्टा कुठे बसेल याची खात्री आहे का, पाऊस-बर्फाची सीमा कुठे आहे, एवढं मी शोधते. ही सीमा पुष्कळदा आय-९५ च्या आसपास असते आणि लाउडन तिच्या वायव्येला पडतं, म्हणजे वॉशिंग्टनच्या बातम्यांतला आकडा आपल्याला सहसा कमी पडतो.

मग पिनकोड. एकाच ठिकाणचा अंदाज बघू नका. मी ॲशबर्नचा २०१४७, पर्सलव्हिलचा २०१३२, ब्लूमॉन्टचा २०१३५ आणि लव्हेट्सव्हिलचा २०१८० असे चार घालते आणि फक्त पहाटे तीन ते सकाळी नऊचे तास वाचते. ॲशबर्न आणि ब्लूमॉन्टच्या आकड्यांत जितकं अंतर, तितका ॲशबर्नचा आकडा निरुपयोगी. न्यू जर्सीतल्या एका शाळकरी मुलाने २००७ मध्ये बनवलेला स्नो डे कॅल्क्युलेटर मुलांमध्ये फार लोकप्रिय आहे. थोरली त्यात आमचा पिनकोड घालायची आणि हिरमुसायची. तिला ब्लूमॉन्टचा घालायला शिकवलं.

त्याच कार्यालयाचे नकाशे बघा: एक अपेक्षित बर्फाचा, एक कमीत कमी किती पडेल याचा, एक जास्तीत जास्त किती. लोक जास्तीचा नकाशा एकमेकांना पाठवतात. मी कमीचा बघते. सगळं बिनसलं तरी पश्चिम लाउडनला दोन इंच मिळत असतील तर निर्णय घेणाऱ्यालाही हात राखून ठेवायला फारशी जागा उरत नाही. कमीच्या नकाशात शून्य आणि अपेक्षित नकाशात तीन असेल तर ते लोक पहाटेपर्यंत थांबतील हे धरून चाला, आणि तुमची सोय दोन्ही बाजूंनी लावून ठेवा. इशाऱ्यांत ‘वॉच’ म्हणजे शक्यता, ‘वॉर्निंग’ म्हणजे येणार हे जवळपास नक्की. वॉर्निंग पश्चिमेला लागू असेल आणि पूर्वेला नुसती ‘ॲडव्हायझरी’, म्हणजे सौम्य इशारा, तरी निकाल वॉर्निंगचाच लागतो.

जेवणं आटोपली की शेजारी. क्लार्क काउंटी डोंगरापलीकडे, फॉकीअर दक्षिणेला, दोन्ही ग्रामीण. पोटोमॅकपलीकडे मेरिलँडमधली फ्रेडरिक आपल्यासारखीच मिश्र, थोडं शहर, बरंच शेत आणि डोंगर. फेअरफॅक्स जवळजवळ पूर्ण शहरी. क्लार्क आणि फॉकीअर दोघांनी बंद जाहीर केलं असेल आणि फ्रेडरिकनेही, तर लाउडनचं काय होणार ते उघड आहे. फेअरफॅक्सने उघडं ठेवलं तर त्यावरून काही ठरवू नका, पण फेअरफॅक्सनेच बंद केलं तर लाउडन उघडं राहणं फार दुर्मीळ. केंद्र सरकारच्या कार्यालयांचा निर्णय वेगळ्या हिशेबाने होतो, मेट्रो चालू आहे का, लोक घरून काम करू शकतात का असा. शाळेसाठी त्याचा आधार घेऊ नका.

मला नऊच्या आत ठरवावं लागतं, म्हणून आठला बसते. बर्फ आधीच वाटेवर असेल तर तो आपल्याकडे बहुधा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. मी रडारवर ब्लू रिजपलीकडची शेनँडोआ व्हॅली बघते: हॅरिसनबर्ग, फ्रंट रॉयल, विंचेस्टर. अंदाजात सांगितलेल्या वेळेआधी तिथे बर्फ टेकला असेल तर आपल्याकडेही लवकर येईल. रडारवर पट्टा दिसतो पण विंचेस्टरला काही पडत नाही, असंही होतं. कोरडी हवा ते वरच्या वर गिळत असते. मग ड्यू पॉइंट चढतोय का ते बघायचं. व्हर्जिनियाच्या ५११ सेवेवर रस्त्यांचे कॅमेरे असतात. डोंगराच्या बाजूचा सात नंबर रस्ता आणि लीसबर्गचा पंधरा नंबर शेजारी शेजारी उघडून ठेवले की दोन हवामानं डोळ्यांनी दिसतात. ज्यांना उशिरापर्यंत जागता येतं त्यांनी रात्री साडेदहानंतर मॉडेलांचे नवे निकाल बघावेत. संध्याकाळी सातला सोडलेल्या हवामानाच्या फुग्यांची मोजमापं त्यांत आलेली असतात, त्यांतला एक फुगा स्टर्लिंगहूनच सुटतो.

एवढं झाल्यावर मी टक्के काढत बसत नाही. स्वतःला विचारते: पश्चिमेच्या वाईटातल्या वाईट रस्त्यावर सकाळी सहाला बस घालशील का? उत्तर ‘नाही’ असेल तर शिफ्ट बदलते. ‘कदाचित’ असेल तर मैत्रिणीला विचारून ठेवते की डिले झाला तर दोन तास मुलाला ठेवून घेशील का. तुमच्यातलं एक जण घरून काम करत असेल तर एवढा आटापिटा करायची गरज नाही, पण तरी त्या दिवशी सकाळी मीटिंग ठेवू नका.

दुसरा आणि तिसरा दिवस

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. आकाश निळंशार, ऊन लख्ख, ॲशबर्नचे रस्ते कोरडे, आणि शाळा पुन्हा बंद. वादळ थांबल्यापासून वसाहतींच्या आणि आडबाजूच्या रस्त्यांवर गाडी जाऊ शकेल इतकं करायला ४८ तास लागू शकतात असं व्हीडॉट स्वतःच धरून चालतं, आणि तेव्हाही एका गाडीपुरती वाट असते, दोन बस समोरासमोर आल्या तर सरकायला जागा नसते. म्हणून घड्याळ बर्फ सुरू झाल्यापासून लावू नका, थांबल्यापासून लावा.

मग दोन आकडे बघा: दिवसाचं कमाल तापमान आणि रात्रीचं किमान. दिवसा ४० फॅरनहाइट आणि रात्री १८ ही सगळ्यांत वाईट जोडी. दिवसा वितळलेलं पाणी रस्त्यावरून वाहतं आणि रात्री त्याचा आरशासारखा थर होतो, डांबरावर तो दिसतही नाही. अशा सकाळी निदान डिले तरी धराच. पश्चिमेला वाऱ्याचंही बघा. लव्हेट्सव्हिलच्या बाजूला मोकळी शेतं आहेत, कोरडा भुसभुशीत बर्फ असेल तर वारा तो साफ केलेल्या रस्त्यावर पुन्हा आणून टाकतो. कॅनडाकडून येणाऱ्या वेगवान, कोरड्या हिमवर्षावांत हे फार होतं, मग इंचभर बर्फही दोन दिवस पुरतो.

मोठ्या वादळानंतर पूर्वेकडचीच अडचण पुढे येते. प्लाऊने लोटलेले ढीग फुटपाथवर आणि बस स्टॉपवर चढतात, आणि बससाठी मुलं रस्त्यात उभी राहतात. २०१६ च्या वादळानंतर पुढच्या आठवड्यातले बरेच दिवस शाळा भरल्या नाहीत, त्यात या ढिगांचाही वाटा होता. तेव्हा घराजवळचा कोपरा स्वतः फावड्याने मोकळा करा. आमच्या गल्लीत आम्ही चार घरं मिळून करतो.

बर्फ नसताना नुसत्या कडाक्याच्या थंडीनेही डिले होतो. डिझेल घट्ट होतं, बस सुरू होत नाहीत, आणि वाऱ्यात पंधरा मिनिटं उभं राहणं लहान मुलांना धोक्याचं असतं. त्यासाठी पहाटेचा ‘विंड चिल’, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचा आकडा, बघा, तोही पश्चिमेचा.

सुट्ट्यांचा कोटा संपत आला म्हणून आता बंद ठेवणार नाहीत, हे गृहीतक मला पटत नाही. व्हर्जिनियात वर्षाला १८० दिवस किंवा ९९० तास शिकवणं बंधनकारक आहे, आणि तासांच्या हिशेबात शाळांकडे थोडी शिल्लक असते. फेब्रुवारीत फार तर बंदऐवजी डिले करून बघण्याकडे कल वाढतो, बस. मार्चमधला बर्फ मात्र वेगळा धरा. सूर्य वर आलेला असतो, जमीन उबदार असते, दिवसा पडलेला बर्फ डांबरावर टिकत नाही. मार्चमध्ये मी फक्त रात्री दोन ते सहा पडणारा बर्फ मोजते.

पायजमा उलटा घालणं, उशीखाली चमचा ठेवणं, कमोडमध्ये बर्फाचे खडे टाकणं हे इथल्या मुलांचे स्नो डे मागायचे नवस आहेत. धाकटा तिन्ही करतो, आणि मी त्याला बर्फाचे खडे काढून देते.

पहाटेसाठी शेवटची सूचना. डिस्ट्रिक्टच्या निरोपांत तुमचा मोबाइल नंबर आणि ईमेल दोन्ही नोंदवलेले आहेत ना, हे नोव्हेंबरातच तपासा. नंबर बदलला की आपण तिथे बदलायला विसरतो. आणि पाचला डिलेचा निरोप आला म्हणून निर्धास्त होऊ नका. उजाडल्यावर पश्चिमेचे रस्ते सुधारलेले नसतील तर सात-साडेसातच्या सुमारास डिलेचं रूपांतर बंदमध्ये होऊ शकतं. तोवर मैत्रिणीच्या घरी जायची पिशवी भरलेली असू द्या, पण मुलाला बूट चढवू नका.